सदाचाराचा भाव

घरातला मुलगा कादंबरी घेऊन कोपऱ्यात बसलेला दिसला, तर आज आई-वडील सुखावतात. निदान मोबाइल तरी बाजूला पडला, असं त्यांना वाटतं. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये मात्र हेच दृश्य पाहून वडीलधारी मंडळी काळजीत पडत. जे घडलंच नाही ते घडलं म्हणून सांगायचं, म्हणजे खोटं बोलणंच की! आणि त्या खोट्यात पुन्हा प्रेमप्रकरणं, पळून जाणं, फसवणूक. तरुण पोरं-पोरी असलं वाचून बिघडणार नाहीत तर काय?

या संशयावर तिथल्या पहिल्या कादंबरीकारांनी एक तोड काढली. पुस्तकाच्या दारावरच त्यांनी पाटी लावली. ही हकीकत खरी आहे आणि ती वाचकाच्या सुधारणेसाठी छापली आहे, असं प्रस्तावनेत सांगून टाकलं. डॅनियल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ साली आली, तेव्हा तिच्यावर डिफोचं नावच नव्हतं. क्रूसोनं स्वतःच लिहिलेली आत्मकथा, असं मुखपृष्ठावर छापलं होतं. सॅम्युएल रिचर्डसननं १७४० साली ‘पामेला’ काढली आणि स्वतःला केवळ पत्रांचा संपादक म्हणवून घेतलं.

मी कवितेच्या गावचा माणूस. इंग्रजी कादंबरीशी माझी ओळख बी.ए.च्या वर्गात झाली, आणि ती गाइडमधून झाली. त्यात प्रत्येक कादंबरीखाली ‘बोध’ म्हणून दोन ओळी असत. आई-बापांचं ऐकावं. चोरीचा शेवट वाईट. सद्गुणाला फळ मिळतं. पुढं सावकाश ही पुस्तकं वाचली, तेव्हा लक्षात आलं की गाइडमधल्या त्या ओळी म्हणजे दारावरची पाटीच होती. आत घरात निराळाच संसार चालला होता. आत वाद होता. सदाचार म्हणजे नेमकं काय, तो कुणाला परवडतो आणि त्याची किंमत कोण ठरवतं, असा तो वाद. १७१९ ते १७४९ ही तीस वर्षं त्यात गेली. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

डिफोपासून सुरुवात करू. हा माणूस व्यापारी. १६९२ साली त्याचं दिवाळं निघालं, कर्ज सतरा हजार पौंडांचं. एका उपरोधिक पुस्तिकेपायी १७०३ साली त्याला न्यूगेटच्या तुरुंगात जावं लागलं आणि भर चौकात खोड्यात उभं राहावं लागलं. जमाखर्च आणि बदनामी, दोन्हींची त्याला जवळून ओळख होती. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिली तेव्हा तो साठीला टेकला होता.

क्रूसोची गोष्ट आपण लहानपणी साहसकथा म्हणून वाचतो. मूळ पुस्तकात साहस आहेच, पण त्याहून अधिक हिशेब आहे. निर्जन बेटावर अडकलेला क्रूसो कागदावर दोन रकाने आखतो. एका बाजूला वाईट काय झालं, दुसऱ्या बाजूला चांगलं काय झालं. दुकानदारानं नावे आणि जमा लिहावं, तसं तो आपलं नशीब लिहून काढतो. त्या काळच्या प्रॉटेस्टंट घरांत रोजनिशी लिहून स्वतःच्या मनाची झडती घेण्याची चाल होती. कादंबरीनं ती उचलली. राजे-सरदारांच्या पराक्रमाऐवजी एका सामान्य माणसाचं मन हाच गोष्टीचा विषय झाला, यात तिचं मोठेपण आहे.

पण हा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. बापाचं न ऐकता घर सोडून समुद्रावर गेलो, हे आपलं मोठं पाप, असं क्रूसो मानतो आणि त्याबद्दल परोपरीनं पस्तावतो. त्याची दुसरी एक कृती मात्र या हिशेबात कुठं दिसत नाही. बेटावर पोचण्याच्या किती तरी आधी तो मोरोक्कोतल्या सले बंदराच्या चाच्यांच्या हाती सापडलेला असतो. दोन वर्षं गुलामीत काढल्यावर तो एका होडीतून पळतो. त्याच्याबरोबर झ्युरी नावाचा एक मूर, म्हणजे मुसलमान, पोरगा असतो. हा पोरगा त्याला जीव लावतो, संकटात साथ देतो. पुढं एक पोर्तुगीज कप्तान दोघांना वाचवतो आणि झ्युरीसाठी साठ रुपेरी नाणी देऊ करतो. क्रूसो जरा घुटमळतो. ज्यानं आपल्याला स्वातंत्र्य मिळवून दिलं, त्याचंच स्वातंत्र्य विकायचं कसं? पण पोरगा ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी त्याला मोकळं करीन, असं कप्तान कबूल करतो, पोरगाही तयार होतो आणि सौदा पटतो. नंतर ब्राझीलमध्ये मळा केल्यावर क्रूसोला झ्युरीची आठवण येते. झ्युरीला सोडण्यात चूक झाली, असं त्याला वाटतं. कशासाठी? तर मळ्यात कामाला हात कमी पडत असतात! आणि ज्या सफरीत त्याचं जहाज फुटतं, ती सफर निघालेली असते आफ्रिकेतून गुलाम आणायला.

डिफोला यात काही खटकलं होतं का? गोष्टीत त्याचा मागमूस नाही. पण त्यानं मनाच्या हालचाली इतक्या प्रामाणिकपणे टिपल्या की रकान्यात न लिहिलेली रक्कमही वाचकाला दिसते.

तीनच वर्षांनी, १७२२ साली, डिफोनं ‘मोल फ्लँडर्स’ आणली. नायिका न्यूगेटच्या तुरुंगात जन्मलेली. पाच लग्नं, त्यातलं एक नकळत सावत्र भावाशी. बारा वर्षं चोरी. रेशमी कापड चोरताना पकडली जाते आणि फाशीची शिक्षा होते. त्या काळी इंग्लंडात चोरीलाही फाशी होती. पुढं शिक्षा सौम्य होऊन तिची अमेरिकेतल्या व्हर्जिनियात रवानगी होते. तिथं ती श्रीमंत होते आणि पश्चात्ताप करून सुखानं म्हातारी होते. या पुस्तकातून सर्वांनी धडा घ्यावा, असं प्रस्तावना सांगते. आता धडा नेमका कोणता, हे ज्याचं त्यानं ठरवावं!

मोलच्या लहानपणीचा एक प्रसंग मला फार आवडतो. अनाथ मोलला दुसऱ्याच्या घरी मोलकरीण म्हणून जायचं नाही. आठ वर्षांची ती पोर म्हणते, मला ‘बाईसाहेब’ व्हायचंय. सगळे हसतात. चौकशी केल्यावर कळतं की बाईसाहेब म्हणजे स्वतःच्या कष्टावर पोट भरणारी, कुणाची चाकरी न करणारी बाई, असं तिला वाटतं. उदाहरण म्हणून ती जिचं नाव घेते, ती लेस दुरुस्त करून राहणारी एक बदनाम बाई असते. हसू येतं आणि लगेच पोटात कालवतं. कारण अशा अनाथ पोरीला स्वतःच्या कष्टावर मानानं जगायला वाटच कुठं होती? चाकरी, लग्न, नाही तर आडवाट.

याच मोलनं पुढं एका लहान मुलीच्या गळ्यातली सोन्याच्या मण्यांची माळ चोरली. त्या अंधाऱ्या बोळात पोरीला मारून टाकण्याचा विचार क्षणभर तिच्या मनात आला आणि ती स्वतःच घाबरली. मग मनाची समजूत कशी घातली? पोरीला एकटी सोडणाऱ्या आई-बापांना चांगला धडा मिळाला, पुढच्या वेळी ते काळजी घेतील! चोर स्वतःला शिक्षक समजतो, तो हा क्षण. गोष्ट संपली की माझी नानी विचारायची, ‘यातनं काय घेतलंस?’ मोलची गोष्ट तिला सांगितली असती तर तिनं बहुधा विचारलं असतं, ‘आधी त्या पोरीला जेवायला कुणी घातलं होतं का?’ डिफोचाही खरा प्रश्न तोच आहे. पोटात भूक असलेल्या माणसाला पोट भरलेल्यांच्या मापानं मोजायचं का?

आता रिचर्डसन. सुताराचा मुलगा, धंद्यानं छापखानेवाला. तेरा वर्षांचा असताना तो गावातल्या तरुण मुलींना प्रेमपत्रं लिहून द्यायचा, असं त्यानंच सांगितलं आहे. पन्नाशीत दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याला सांगितलं, खेड्यातल्या लोकांसाठी नमुनापत्रांचं एक पुस्तक लिहा. ते लिहिता लिहिता त्याला ‘पामेला’ सुचली.

पामेला ही पंधरा वर्षांची मोलकरीण. मालकीण वारते आणि तिचा तरुण मुलगा पामेलाच्या मागं लागतो. आधी भेटी, मग धाक, मग दूरच्या वाड्यात कैद. पामेला आई-बापांना पत्रं लिहिते, कागद लपवते, पळायचा प्रयत्न करते आणि नाही म्हणत राहते. शेवटी तिचे कागद मालकाच्या हाती पडतात. ते वाचून तो बदलतो आणि तिच्याशी रीतसर लग्न करतो. पुस्तकाचं उपनाम सरळच होतं : सद्गुणाला मिळालेलं फळ.

आज ही गोष्ट हिंदी सिनेमातली वाटेल. पण १७४० साली मोलकरणीनं मालकाला ‘नाही’ म्हणणं आणि ते ‘नाही’ दोन खंडांच्या पुस्तकाचा विषय होणं, ही साधी गोष्ट नव्हती. मोलकरणीची अब्रू ही जणू घरातल्या भांड्याकुंड्यांसारखी मालकाच्या मालकीची, असं मानणारे पुष्कळ होते. माझ्या आत्म्याचं मोल राजकन्येच्या आत्म्याहून कमी नाही, असं ही पोर बजावते. तिच्या पत्रांतून वाचक प्रथमच मोलकरणीच्या खोलीत शिरला आणि दाराबाहेर वाजणारी मालकाची पावलं तिच्या कानांनी ऐकू लागला. पुस्तक प्रचंड खपलं. पामेलाची चित्रं असलेले पंखेसुद्धा बाजारात आले.

आणि इथंच वादाला तोंड फुटलं. सद्गुणाला फळ मिळालं, ते कोणतं? तर मालकाचा वाडा, गाडी-घोडे आणि खुद्द तो मालक. मग हा सद्गुण होता की भाव वाढेपर्यंत धरून ठेवलेला माल? हेन्री फील्डिंगला हा प्रश्न छळू लागला. हा खानदानी घरातला, ईटनमध्ये शिकलेला नाटककार. नाटकांवर नियंत्रण आणणारा कायदा १७३७ साली झाला, त्यानं त्याची रंगभूमी सुटली आणि तो वकिलीकडं वळला. ‘शमेला’ नावाचं एक खट्याळ पुस्तक १७४१ साली टोपणनावानं निघालं, ते त्याचंच मानलं जातं. त्यात पामेला ही पक्की डावपेची पोर असते. तिची खरी पत्रं आता सापडली आहेत, असा सगळा थाट. त्याच वर्षी एलायझा हेवूड या लेखिकेचीही ‘अँटी-पामेला’ आली.

थट्टा सोपी असते. फील्डिंगचं मोठेपण हे की तो थट्टेवर थांबला नाही. सद्गुण वरून दिसतो तसा नसेल, तर तो ओळखायचा कसा, याचं उत्तर त्यानं १७४२ साली ‘जोसेफ अँड्रूज’मध्ये शोधलं. जोसेफ हा पामेलाचा भाऊ. मालकीणबाई त्याच्या मागं लागतात, तो नकार देतो आणि त्याची नोकरी जाते. वाटेत दरोडेखोर त्याला लुटतात, मारतात आणि कपडेसुद्धा काढून घेऊन खड्ड्यात टाकून देतात.

एक प्रवासी घोडागाडी तिथून जाते. कण्हणं ऐकून पुढच्या घोड्यावरचा पोऱ्या गाडी थांबवायला लावतो. आतल्या बाईंना कळतं की माणूस उघडा आहे. त्या म्हणतात, चला पुढं. एक म्हातारे गृहस्थ म्हणतात, पळा, नाही तर आपणही लुटले जाऊ. एक वकील म्हणतो, हा मेला तर आपल्यावर बालंट येईल, तेव्हा घेतलेला बरा. म्हणजे दयेनं नव्हे, कायद्याच्या धाकानं. पण अंग झाकल्याशिवाय जोसेफ गाडीत चढेना. बाईमाणसासमोर तसं जाणं त्याला अशिष्ट वाटतं. कोटवाले पुष्कळ, पण रक्ताचे डाग पडतील म्हणून कुणी कोट देईना. शेवटी तो पोऱ्याच एक शिवी हासडून अंगातला कोट काढून देतो. शिवी दिल्याबद्दल प्रवासी त्याला दटावतात. आणि जाता जाता फील्डिंग सांगून टाकतो की याच पोऱ्याला पुढं कोंबड्या चोरल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या एका प्रसंगात फील्डिंगचं सगळं नीतिशास्त्र आहे. गाडीतल्या कुणी शिवी दिली नव्हती, कोंबडी चोरली नव्हती. त्यांच्या चारित्र्याला डाग नव्हता. कोटाला तरी तो का पडू द्यायचा?

‘टॉम जोन्स’मध्ये (१७४९) हाच विचार मोठ्या पटावर आहे. टॉम हा सापडलेला पोर. उधळ्या, बाईच्या मोहात पडणारा, पण मनानं उदार. त्याच्यासमोर ब्लिफिल. शांत, धार्मिक, तोंडात सदैव सुवचन. सोफिया नावाच्या मुलीचा लाडका पक्षी ब्लिफिल मुद्दाम सोडून देतो आणि वर सांगतो, कुणालाही कैदेत ठेवणं धर्माविरुद्ध आहे. पक्षी पकडायला टॉम झाडावर चढतो आणि फांदी मोडून पाण्यात पडतो. पक्षी मात्र ससाण्याच्या तोंडी जातो. तत्त्व बरोबर, हेतू काळा. अशी माणसं आपण सगळेच ओळखतो.

फील्डिंगवर टीका करणारेही साधे नव्हते. इंग्रजी शब्दकोशामुळं पुढं कीर्ती मिळवणारे सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५० साली ‘रॅम्बलर’मध्ये इशारा दिला. कादंबऱ्या वाचतात ती मुख्यतः तरुण आणि अननुभवी माणसं. नायकाच्या अंगी गुण आणि दोष एकत्र कालवून दिले, तर गुणांच्या प्रेमापोटी दोषही गोड वाटू लागतील. आज दूरदर्शन मालिकांबद्दल, वेब सिरीजबद्दल आपण जे बोलतो ते हेच. जॉन्सन यांची काळजी मला खोटी वाटत नाही. पण फील्डिंगकडं वळून पाहिलं की वाटतं, ज्याला पडणारा माणूस आवडला नाही, त्याला माणूसच कसा आवडणार?

या वादात रिचर्डसनचं काय झालं? माझ्या मते त्यानं सर्वांत मोठं उत्तर दिलं, आणि ते स्वतःच्याच ‘पामेला’ला दिलं. ‘क्लॅरिसा’ ही सात खंडांची कादंबरी १७४७-४८ या काळात टप्प्याटप्प्यानं निघाली. शब्दसंख्या दहा लाखांच्या घरात. क्लॅरिसाच्या नावावर आजोबांनी इस्टेट ठेवलेली. घरचे लोक तिला एका नकोशा श्रीमंताच्या गळ्यात बांधू पाहतात. त्यातून निसटताना ती लव्हलेस नावाच्या देखण्या, हुशार माणसाच्या जाळ्यात सापडते. तो तिला लंडनमध्ये फसवून कुंटणखान्यात ठेवतो आणि शेवटी गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो.

आणि मग सुचवलं जातं लग्न. लव्हलेस तयार आहे. हितचिंतक सांगतात, आता हाच मार्ग. क्लॅरिसा नाही म्हणते. ज्यानं आपल्यावर अत्याचार केला, त्याच्या नावाचं कुंकू लावून आपली अब्रू परत मिळत नाही, कारण ती गेलेलीच नाही. ती मृत्युपत्र लिहिते, स्वतःची शवपेटी मागवते आणि मरते.

खंड टप्प्याटप्प्यानं येत असल्यानं वाचकांना शेवट माहीत नव्हता. तो कानावर येताच लोकांनी रिचर्डसनला विनवण्या केल्या. लेडी ब्रॅडशे या बाईंनी टोपणनावानं पत्रं लिहून गळ घातली, लव्हलेसला सुधारा, दोघांचं लग्न लावा. रिचर्डसननं ऐकलं नाही. सद्गुणाला या जगात फळ मिळतंच असं नाही, फळ मिळालं नाही म्हणून सद्गुणाचं मोल कमी होत नाही, हे त्याला सांगायचं होतं. पामेलाला वाडा देणाऱ्या लेखकानं क्लॅरिसाला काहीच दिलं नाही. तिचा ‘नाही’ हा शब्द मात्र अखेरपर्यंत तिच्याजवळ राहू दिला. अत्याचार झालेल्या मुलीला आजही कुठं ना कुठं हाच सल्ला दिला जातो, जाऊ दे, त्याच्याशीच लग्न कर. असं सांगणाऱ्यांना पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या या पुस्तकानं केव्हाच उत्तर दिलेलं आहे.

आपली मराठी कादंबरीही बोधाच्याच वाटेनं आली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, विधवांच्या हालांबद्दल बोलणारी. पुढं हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’मध्ये यमू स्वतःच्या तोंडानं स्वतःची कहाणी सांगते. लेखक तिच्याबद्दल बोलतो आणि ती स्वतः बोलते, यातला फरक वाचकाला काळजात जाणवतो. पामेला आणि क्लॅरिसा यांच्या पत्रांनी इंग्रजी वाचकाला दिलं ते हेच होतं. ज्याच्याकडं आपण पाहतही नाही, त्याच्या जागी बसवून जग दाखवायचं. मला वाटतं, कादंबरीची नीती म्हणतात ती ही. प्रस्तावनेत छापलेला उपदेश निराळा.

म्हणूनच झ्युरी मला पुन्हा पुन्हा आठवतो. मोलला स्वतःचा आवाज मिळाला, पामेलाला मिळाला, क्लॅरिसाला मिळाला. साठ नाण्यांना विकल्या गेलेल्या त्या पोराला तो मिळाला नाही. कप्तानाच्या जहाजावर तो होकार देतो आणि पानाआड जातो. दहा वर्षांनी त्याला खरंच मोकळं केलं का, हे पुस्तकात कुठंही नाही. क्रूसोनं ते विचारलं नाही आणि डिफोनंही सांगितलं नाही.

तेव्हा यातलं एखादं पुस्तक हाती आलं, तर प्रस्तावना शेवटी वाचा. आधी पाहा, गोष्ट कोण सांगतंय. मग पाहा, कोण गप्प आहे. मुलांना वाचायला दिलंत तर ‘यातनं काय शिकलास?’ असं लगेच विचारू नका. ‘त्या गाडीत तू असतास, तर कोट दिला असतास का?’ असं विचारा. आणि मुलानं तोच प्रश्न उलटून आपल्याला विचारला, तर काय सांगायचं, याचाही थोडा विचार करून ठेवा.